बोगद्यातली रात्र आणि सकाळचे दहा

अमेरिकेतल्या वणव्यांच्या बातम्या टीव्हीवर आल्या की पुण्याहून फोन येतो, "तुमच्याकडे ठीक आहे ना रे?" आमच्याकडे ठीकच असतं. पण एक प्रश्न मात्र डोक्यात घोळत राहतो. विमानं, हेलिकॉप्टरं, पैसा, माणसं, सगळं असून या देशाला आग आवरत का नाही? उत्तर शोधत मागे मागे गेलो आणि येऊन थांबलो 1910 सालात, आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवरच्या बिटररूट डोंगरात. तिथल्या त्या वणव्याला इकडे 'बिग बर्न' म्हणतात.

त्या वर्षी वसंतातला पाऊस जवळजवळ झालाच नाही. विजा आणि रेल्वे इंजिनांच्या ठिणग्या यांनी जुलैपासूनच डोंगरात जागोजागी आगी लागल्या होत्या. सरकारचं वनखातं, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, जेमतेम 5 वर्षांचं. माणसं अपुरी, म्हणून खाणकामगार, रेल्वेवरचे मजूर, नुकतेच युरोपातून आलेले स्थलांतरित, मिळेल त्याला तासाला 25 सेंटवर भरती केलं. पुढे लष्करही आलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाटत होतं, आवरतंय.

20 ऑगस्टला, शनिवारी, नैर्ऋत्येकडून वादळी वारा सुटला. सुट्या सुट्या आगी एकमेकींत मिसळल्या. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, म्हणजे जवळपास 12 हजार चौरस किलोमीटर! किमान 85 माणसं गेली, त्यातली 78 आग विझवणारी.

डोंगरातली गावं दरीच्या तळाशी, रेल्वेच्या रुळांना धरून वसलेली. पळायची वाट एकच, आगगाडी. वॉलेस गावातून बायकामुलांना गाड्यांत भरून बाहेर काढलं, आणि त्या रात्री गावाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जळाला. टाफ्ट नावाचं रेल्वेमजुरांचं गाव तर पुरतंच गेलं. काही गाड्या पुढेही जाईनात आणि मागेही, तेव्हा त्या बोगद्यात नेऊन उभ्या केल्या. एव्हरी गाव मात्र वाचलं. तिथे 25व्या पायदळाचे कृष्णवर्णीय सैनिक होते. गावकऱ्यांना बाहेर काढण्याचं आणि उलट आग लावून गाव वाचवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

वॉलेसजवळच्याच डोंगरात एड पुलास्की नावाचा रेंजर 45 जणांना घेऊन अडकला. आसपासच्या जुन्या खाणी त्याला पाठ होत्या. एका खाणीच्या बोगद्यात त्याने सगळ्यांना घातलं, तोंडाशी ओली घोंगडी लावली आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल दाखवून अडवलं. शेवटी तोही बेशुद्ध पडला. पहाटे कुणीतरी म्हणालं, साहेब गेला. तर साहेबानेच अंधारातून उत्तर दिलं, की नाही गेलो! बोगद्यात 5 जण दगावले, बाकीचे जगले. पुलास्कीची दृष्टी आणि फुप्फुसं कायमची अधू झाली. मेलेल्यांच्या थडग्यांची देखभाल तो पुढे कित्येक वर्षं करत होता.

इथपर्यंत ही शौर्यकथा आहे. मला विचारात टाकतं ते त्यापुढचं. एवढे सहकारी गमावलेल्या खात्याने एकच धडा घेतला, की आग म्हणजे शत्रू. 1935 साली फर्डिनंड सिल्कॉक्स खात्याचा प्रमुख असताना नियम झाला: आगीची वर्दी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हा सिल्कॉक्स 1910 मध्ये त्याच भागात अधिकारी होता. त्याने जे पाहिलं ते पाहून कुणीही असाच नियम केला असता, असं मला वाटतं.

पण जंगलाचं गणित वेगळं. पश्चिमेकडच्या कोरड्या पाइन जंगलांत दर काही वर्षांनी जमिनीलगत छोटी आग फिरायची आणि पालापाचोळा साफ करून जायची. इथले मूळ रहिवासी तर मुद्दाम जंगल जाळत आले होते. ते सगळं बंद झालं. झाडोरा दाटला, वाळकं लाकूड साठत गेलं, आणि आता आग लागली की थेट शेंड्यापर्यंत चढते. 1970 च्या दशकात तो नियम सोडून दिला, पण साठलेलं लाकूड थोडंच नियमाबरोबर जाणार? त्यात वाढतं तापमान आणि जंगलाच्या कुशीत वाढलेली घरं. आपली जिवाभावाची माणसं गेल्यावर मनाशी केलेले पण माणूस सहसा तपासून पाहत नाही. इथे ते तपासायला 60-70 वर्षं लागली.

एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं एक हत्यार पुलास्कीच्या नावाने ओळखलं जातं. आग विझवणारे आजही ते वापरतात. आणि आता वनखातंच जेव्हा पालापाचोळा जाळायला मुद्दाम छोट्या आगी लावतं, तेव्हा त्यांच्या कडेचा पट्टाही त्याच हत्याराने खणला जातो.