पराभवाचा धनी कोण?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एका गोलाने हरला. शेवटचा गोल गोलरक्षकाच्या हातून निसटून गेला होता. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर हाच विषय. निम्मे म्हणत, पोरानं घात केला. निम्मे म्हणत, शिकवणाऱ्यानंच काही शिकवलं नाही, तर पोरं काय करणार? तो मुलगा माझ्याच वर्गातला. हजेरीत त्याचे नाव आले तेव्हा मीही एक विनोद करून घेतला. वर्ग हसला. तो हसला नाही, आणि पुढचे आठ दिवस वर्गात आला नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. हरलेल्या सामन्याचा दोष कोणाचा? खेळणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा? इतिहासाच्या मास्तराला प्रश्न पडला की तो जुनी उदाहरणे धुंडाळू लागतो. मला एक उदाहरण सापडले ते थेट अमेरिकेत.

अमेरिकेतील महाविद्यालयांत जो फुटबॉल खेळतात तो आपला नव्हे. चेंडू लंबगोल, नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचे. बाजूस अकरा गडी, मैदान १०० यार्डांचे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेला की ६ गुण, आणि त्यानंतर तो लाथेने खांबांमधून मारला की आणखी १. मात्र आपण आपल्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडकलो, तर समोरच्याला २ गुण मिळतात. याला ‘सेफ्टी’ म्हणतात. हे २ गुण लक्षात असू द्या.

१ जानेवारी १९२९. पॅसाडिना येथील ‘रोझ बोल’चा सामना. एका बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला त्या मोसमात एकदाही न हरलेला जॉर्जिया टेक. साठ हजारांवर प्रेक्षक. दुसऱ्या सत्रात, दोन्ही बाजू शून्यावर असताना, टेकच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला. तो उचलला कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सने. वय अवघे वीस. टेकची गोलरेषा तेथून ३० यार्डांच्या आसपास. समोरून आलेल्यांना चुकवण्यासाठी त्याने गिरकी घेतली, आणि त्या गिरकीत त्याच्या दिशा फिरल्या. तो सुसाट धावत सुटला तो आपल्याच गोलरेषेकडे!

त्याच्यामागे धावला त्याचाच सोबती बेनी लॉम. तो ओरडतो आहे; पण गर्दीच्या कल्लोळात ऐकू कोणाला येणार? रेडिओवर सामन्याचे वर्णन करणारे ग्रॅहॅम मॅकनामी हेही गोंधळून गेले. साठाहून अधिक यार्ड धावल्यावर, अगदी गोलरेषेपाशी, लॉमने त्याला धरले. तेवढ्यात टेकचे गडी येऊन आदळले. चेंडू राहिला कॅलिफोर्नियाच्या गोलरेषेपासून एका यार्डावर. कॅलिफोर्नियाने तो लगेच लाथेने दूर मारायचे ठरवले. लॉमची ती लाथ टेकच्या व्हॅन्स मरीने अडवली, आणि सेफ्टी झाली. टेकला २ गुण.

सामना टेकने ८–७ असा जिंकला. फरक फक्त एका गुणाचा. मग काय! सारा देश म्हणू लागला, रीगल्सने सामना घालवला. ‘राँग वे रीगल्स’ हे नाव त्याला जन्माचे चिकटले.

आता जरा हिशेब मांडू. रीगल्स उलटा धावला, ही चूक त्याचीच; ती कोणी नाकारीत नाही. पण तो थांबला तेव्हा टेकचा गुण शून्यच होता. चेंडू लगेच लाथाडण्याचा निर्णय त्याच्या धावेनंतरचा. तो त्या काळच्या रीतीला धरून होता, तरीही निर्णयच. ती लाथ अडवली मरीने, म्हणजे प्रतिपक्षाचाही काही पराक्रम आहे की नाही? हरलेली माणसे दोष आपल्या घरात शोधत बसतात. समोरचाही खेळायलाच आला होता, हे विसरतात. पुढे तिसऱ्या सत्रात टेकने ६ गुण मिळवले, ते सगळ्या संघासमोर. कॅलिफोर्नियाचे ७ गुण आले ते अगदी अखेरीस. त्याआधी त्यांना एकही गुण करता आला नाही, हा एकट्या रीगल्सचा दोष कसा?

मग कोचचा दोष म्हणावा का? कॅलिफोर्नियाचे कोच होते निब्स प्राइस. त्या काळच्या नियमांप्रमाणे कोचने बाकावरून सूचना करायला मनाई होती. कोणती चाल करायची ते मैदानावरचे गडीच ठरवीत. म्हणजे सामना चालू असताना प्राइस यांचे हात बांधलेले. त्यांच्या हाती होते फक्त मध्यंतर.

त्या मध्यंतरात रीगल्स एका कोपऱ्यात तोंड झाकून रडत बसला होता. आता प्रेक्षकांना तोंड दाखवणार नाही, असे तो म्हणत होता. प्राइस यांनी सांगितले, पहिल्या अर्धात उतरलेलेच गडी पुन्हा उतरतील. रीगल्स उठेना. तेव्हा त्यांनी त्याला समजावले, की खेळ अजून निम्माच झाला आहे. रीगल्स उतरला आणि जिवावर उदार होऊन खेळला. टेकची एक लाथही त्याने अडवली. सामना तरीही हरलाच. पण पुढच्या मोसमात त्याच संघाचा कप्तान होता रॉय रीगल्स!

गंमत पाहा. १९३० साली प्राइस यांचाच संघ सदर्न कॅलिफोर्नियाकडून ७४–० असा हरला, आणि त्या मोसमानंतर फुटबॉलचे कोचपद त्यांच्याकडे राहिले नाही. हार एका गुणाची असली की आपण खेळाडूला धरतो. चौऱ्याहत्तरांची असली की कोचला. आणि जिंकलो तर? १९६४ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा जिम मार्शल असाच उलटा धावला. त्यानेही प्रतिपक्षाला २ गुण दिले. पण त्याचा संघ जिंकला, आणि लोक नुसते हसले. रीगल्सने त्याला आपल्या मंडळीत स्वागत असो, असे कळवल्याचे सांगतात. चूक तीच, गुणही तेवढेच. फरक पडला तो निकालामुळे. म्हणजे आपण दोष देतो तो चूक तोलून नव्हे, निकाल पाहून.

मला विचाराल तर, खेळाडूने चूक कबूल करावी, हे त्याचे कर्तव्य. पण खेळाडू चुकणार, हे धरून चालणे आणि चुकल्यावर त्याला पुन्हा उभे करणे, हे कोचचे कर्तव्य. कोचला तोलायचे ते या तागडीत. प्राइस सामना हरले, पण त्या मध्यंतरात हरले नाहीत.

१९७१ साली जॉर्जिया टेकच्या जुन्या खेळाडूंनी रीगल्सला सन्मानाने आपल्यात सामील करून घेतले. ज्यांना त्याने २ गुणांची वाट करून दिली, त्यांनीच! १९९३ साली वयाच्या ८४व्या वर्षी तो वारला.

आमचा तो गोलरक्षक आठ दिवसांनी वर्गात आला, मागच्या बाकावर बसला. त्या वर्षी तो पुन्हा मैदानावर उतरला नाही. सामना गमावला कोणी, याचा वाद आम्ही बरेच दिवस घातला. मुलगा गमावला कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. हजेरीपट माझ्याच हातात होता.