कळणे आणि वळणे

‘कळतं पण वळत नाही’ असं आपण घरीदारी म्हणतो. मग नुसत्या कळण्यानं माणूस कधी वळतच नाही काय? की वळण्याची इच्छा मनात आधीच असावी लागते?

हा वाद जुना आहे. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९ साली मांडले, की बुद्धी वाट दाखवते, पण पाऊल उचलायला लावते ती भावना. प्रशियातल्या इमॅन्युएल कांटने १७८५ साली उलट सांगितले: हे योग्य आहे, एवढी जाणीवही माणसाला कृतीस पुरेशी होऊ शकते.

त्याच १७८५ साली इंग्लंडात एक गोष्ट घडली. केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधासाठी विषय दिला: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? टॉमस क्लार्कसन नावाचा पंचविशीतला तरुण लिहायला बसला. त्याला विषयाची फारशी माहिती नव्हती; हवं होतं ते बक्षीस. पण आफ्रिकेतल्या माणसांच्या खरेदीविक्रीची हकीकत वाचता वाचता त्याची झोप उडाली. निबंध पहिला आला. इच्छा पुरी झाली. विषय तिथंच संपायचा.

तो संपला नाही. घोड्यावरून लंडनला जाताना वेड्समिल गावाजवळ तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला सुन्न बसून राहिला. निबंधातलं सगळं खरं असेल, तर हे हाल कुणीतरी थांबवायला हवेत, हा विचार त्याला सोडीना.

मे १७८७ मध्ये लंडनला बारा जणांची समिती झाली; क्लार्कसन त्यात होता. बंदरोबंदरी हिंडून त्याने खलाशांच्या साक्षी आणि गुलामांच्या बेड्या गोळा केल्या. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १८३३ साली साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला.

ह्यूमचा पक्षपाती म्हणेल, करुणा त्याच्या मनात आधीपासूनच होती. असेलही. पण ती पुष्कळांच्या मनात असते आणि निजून राहते. इथं तिला जागं केलं ते विचारानं. म्हणून मला वाटतं, इच्छा नेहमी पुढंच चालते असं नाही. विचार शेवटपर्यंत नेला, तर ती मागूनही येते.

तेव्हा गुरुजी, बक्षिसासाठी निबंध लिहिणाऱ्या मुलाला हिणवू नका. वही तपासून झाली, की एवढंच विचारा: बाळ, हे लिहिलंस ते खरं असेल, तर आता आपण काय करायचं?