लाल तोंडाचं बदक आणि तीन खोटी नावं

आजचा भाग बदकांवर आहे. हसू नका, इतिहासच आहे.

दिवाळीत राजूरला घरी गेलो होतो. फॅमिली ग्रुपवर मामांनी फोटो टाकला. भंडारदऱ्याला धरणाखालच्या बागेत तीन बदकं. एकाच्या तोंडावर लाल लाल गाठी. खाली मेसेज: "बर्ड फ्लू दिसतोय. पोरं काठ्या घेऊन निघालीत."

मामांची भीती उगाच नव्हती. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबारच्या नवापूरला. तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा मामांची छोटी पोल्ट्री होती. भाव पडले आणि ती कायमची बंद झाली.

मी बाइक काढली. कोडवाला माणूस, आधी अ‍ॅपला विचारलं. अ‍ॅप म्हणालं, हळदी-कुंकू बदक. साफ चूक! आपल्या त्या रानबदकाच्या चोचीला पिवळं टोक आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतात, म्हणून तर ते नाव. इथे अख्खं तोंडच लाल.

मग जुन्या पद्धतीने बघितलं. तिन्ही बदकं वेगवेगळी, तरी एकत्र फिरणारी. माणूस दिसला की खायला मागत जवळ येणारी. म्हणजे पाळीव, कुणीतरी आणून सोडलेली.

पांढऱ्या नराच्या शेपटीवर कुरळी पिसं होती. ती मॅलार्ड या रानबदकाच्या वंशाची खूण. ही खूण पाळीव बदकांतही टिकून राहते, हे डार्विनने १८६८ च्या पुस्तकात नोंदवलंय. दुसरं तपकिरी, बाटलीसारखं उभं चालणारं. तो इंडियन रनरचा वाण. नावात इंडियन, पण मूळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. वॉलेस या निसर्ग अभ्यासकाला लोंबोक बेटावर अशी पेंग्विनसारखी ताठ चालणारी बदकं दिसली होती.

आणि लाल तोंडवालं? ते मस्कोव्ही. नावावरून वाटलं, तरी ते मॉस्कोचं नाही. बंगालीत त्याला चिनाहांस म्हणतात, पण ते चीनचंही नाही. ते अमेरिकेचं. कोलंबस १४९२ ला पोचला त्याच्या कितीतरी आधी तिथल्या मूळ रहिवाशांनी ते माणसाळवलं होतं. आपली मिरची, बटाटा, पेरू त्याच खंडातले. जगातली जवळपास सगळी पाळीव बदकं मॅलार्डची, अपवाद फक्त हाच. ते क्वॅक-क्वॅक करत नाही, नर तर नुसता फुसफुसतो. आणि त्या गाठी म्हणजे रोग नाही, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी नैसर्गिक कातडी.

हे सगळं मी काठ्या घेतलेल्या पोरांना तिथेच उभं राहून सांगितलं. मामांना फोन लावला. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तेव्हा आम्हाला असं समजावून सांगायला कुणी आलं नाही रे."

पोरांनी काठ्या टाकल्या. एकाने तर बिस्किटं काढली. मी ती खिशात परत ठेवायला लावली, बिस्किटं बदकांना बरी नाहीत.

एक लक्षात ठेवा. पक्षी सुस्त दिसला, मेलेला सापडला, तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि पाळलेलं बदक तळ्यावर सोडून देऊ नका. जड वाणांना नीट उडता येत नाही, कुत्र्यापासून पळणार कसं?

महिन्याभराने परत गेलो, तेव्हा मस्कोव्ही आणि पांढरं होतं. उभं चालणारं दिसलं नाही.

भेटू पुढच्या भागात.