खेळाडूची बदली आणि खेळाडूची मर्जी

29 डिसेंबर 2024 च्या रात्री बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला. मावळातून आम्ही दहाबारा जण गेलो होतो. त्यांत कारखान्यात पाळी बदलून घेतलेले दोघे होते. हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवले. हरियाणाच्या बचावात उभा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. त्याच वर्षी 1 मार्चला हैदराबादेत हाच गडी पुणेरी पलटणकडून खेळला होता आणि पुण्याने याच हरियाणाला 28-25 असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले होते. समोरचा पाटणा तर त्याचा इथला सर्वांत पहिला संघ! शेजारच्या पोराने विचारले, "काका, ह्याला आता टाळ्या द्यायच्या का?" आम्ही दिल्या खऱ्या, परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही.

ही ये-जा घडते कशी? 2014 साली पहिला लिलाव झाला, तेव्हा सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला. 2023 साली पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांवर पोहोचली. प्रत्येक संघाची थैली मात्र ठरलेली, त्या वर्षी 5 कोटी. म्हणजे एका गड्यावर निम्मी थैली रिकामी केली, तर उरलेला संघ उरलेल्या निम्म्यात उभा करावा लागतो. त्यामुळे विजेता संघही जसाच्या तसा टिकत नाही. पुण्याने 2023 मध्ये शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतले, पुढच्या वर्षी राखले नाही. हरियाणाने 2 कोटी 7 लाख मोजले. हा लिलाव मुंबईत 15 ऑगस्टला सुरू झाला. तारीख कोणी मुद्दाम निवडली नसेल, पण आम्हांस ती टोचली.

कारण लिलावात खेळाडूला पैसा मिळतो, गाव निवडता येत नाही. बोली संपली की ज्याचा हात शेवटी वर, त्याचे घर आपले. पैशाला आम्ही नावे ठेवत नाही. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये 36 लाखांना मुंबईकडे आणि पुढच्याच वर्षी 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला, तेव्हा कोल्हापूरइतकाच आनंद आम्हांलाही झाला.

पूर्वी कबड्डीपटूला बांधून ठेवायची ती नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, कारखाने यांचे संघ असत. आमच्या भागातल्या एका कारखान्याने (नाव घेत नाही) खेळाच्या जोरावर चार पोरे भरती केली. पुढे संघ मोडला आणि एकाच्या हाती परराज्यातल्या बदलीचा कागद पडला. त्याला कोणी विचारले नव्हते. सहा महिने भांडलो तेव्हा ती बदली रद्द झाली. गुडघा गेलेला तो गडी पुढे त्याच कारखान्यातून निवृत्त झाला. लिलावातल्या गड्याचा गुडघा गेला तर त्याला कोणत्या फाटकावर उभे करायचे, हे आम्हांस अजून सुचलेले नाही.

हाच झगडा अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी आमच्याआधी केला, म्हणून त्यांचा इतिहास आम्ही धडपडत वाचला. तेथे एकदा सही केली की करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा राही. जानेवारी 1964 मध्ये बॉस्टनला निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता, दूरचित्रवाणीवर दिसणार होता. संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसन आणि सोबती कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेरच येईनात. निवृत्तिवेतनाचे वचन मिळाले तेव्हा आले. याला आमच्या भाषेत बैठा संप म्हणतात! 1970 साली तेव्हाचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावे खटला गुदरला, 1976 मध्ये तडजोड झाली आणि जुनी साखळी तुटली. तरीही काही वर्षे, दुसऱ्याने देऊ केलेली रक्कम देऊन जुना मालक खेळाडूस परत ठेवू शके. आपल्या कबड्डीच्या लिलावातही शेवटच्या बोलीशी बरोबरी करण्याचे पत्र जुन्या संघाच्या हाती असते, ते याच जातीचे. पूर्ण मोकळीक 1988 मध्ये आली, तीही जुन्या खेळाडूंपुरती. तिचा लाभ घेऊन टॉम चेंबर्स सिॲटल सोडून फिनिक्सला गेला.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. करार संपल्यावर खेळाडू आपल्या पायाने जातो, ती त्याची मर्जी. करार चालू असताना मालक त्याला दुसऱ्या संघाशी बदलून घेतात, ती बदली. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने आपला लाडका लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसला देऊन टाकला, आणि त्याला आधी पत्ताही नव्हता. कोट्यवधी डॉलर मिळवणारा गडी, पण बदलीच्या कागदापुढे आमच्या त्या कारखान्यातल्या सोबत्याच्याच रांगेत. गावकरी तेथे मैदानाबाहेर निषेधाला जमले. संघ आपला आहे असे त्यांना वाटत होते.

पुण्याचे काय झाले म्हणाल, तर शादलुई गेल्यावर 2024 च्या हंगामात पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. पण दोष एका जाण्याला देऊ नये. कर्णधार अस्लम इनामदारही दुखापतीने बाहेर बसला होता. अस्लम, पंकज मोहिते ही राखलेली, घडवलेली मंडळी. 2025 मध्ये त्यांच्याच बळावर पुणे अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि दिल्लीकडून 31-28 असे, अवघ्या तीन गुणांनी हरले. शादलुई तोवर 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला होता. तो सामना आम्ही लोणावळ्यात चहाच्या दुकानात पाहिला. पोरगे शेजारीच होते, आणि या वेळी टाळ्यांचे त्याने कोणाला विचारले नाही.