राजाध्यक्ष, गौतम

(१६ सप्टेंबर १९५० – १३ सप्टेंबर २०११). फॅशन आणि चित्रपटसृष्टीतील चेहऱ्यांचे मराठी छायाचित्रकार. जन्म व मृत्यू मुंबईत. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण. काही काळ रसायनशास्त्र शिकवल्यावर १९७४ मध्ये ते ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात गेले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले.

छायाचित्रांतून फॅशन लोकांपर्यंत पोचवण्याचे काम मुंबईत १९८० नंतर ज्यांनी केले, त्यांत राजाध्यक्ष अग्रभागी होते. शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ ही त्यांची सुरुवातीची माणसे. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले.

मऊ, पसरलेला प्रकाश, मागे फारसे काही नाही आणि सारा भर डोळ्यांवर, ही त्यांची खूण. वस्त्र कितीही भरजरी असो, नजर आधी चेहऱ्यावरच जाते.

‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचे ते संपादक होते. ‘बेखुदी’ (१९९२) चित्रपटाची पटकथाही त्यांनी लिहिली. दुर्गा खोटे ते ऐश्वर्या राय अशा कलावंतांची छायाचित्रे असलेले ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘चेहरे’ हे त्यांचे मराठी पुस्तक.