हबलला जे दिसलं नाही, ते ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ला कसं दिसलं?

ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने एक शोध ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पृथ्वीपासून ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका दीर्घिकेतून अतिशय तीव्र अतिनील किरण बाहेर पडत असल्याचं या गटाला आढळलं होतं. दीर्घिकेचं नाव एयूडीएफएस०१. हे किरण टिपले ते ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाने.

विशेष म्हणजे आकाशाचा हाच तुकडा अमेरिकेच्या हबल दुर्बिणीने वर्षानुवर्षं न्याहाळलेला आहे. दीर्घिका हबलच्या छायाचित्रांत होती, पण तिचे हे अतिनील किरण हबलला जाणवले नव्हते. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तर अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. मग लहान दुर्बिणीला हे जमलं कसं?

दुर्बीण अवकाशात का पाठवायची?

तारे आणि दीर्घिका केवळ डोळ्यांना दिसणारा प्रकाश देत नाहीत. रेडिओ लहरी, अवरक्त, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण अशा अनेक रूपांत त्यांची ऊर्जा आपल्याकडे येते. यातले क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण पृथ्वीचं वातावरण वरच्या वर शोषून घेतं. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे चांगलंच, पण खगोलशास्त्रज्ञांसाठी मात्र ही खिडकी बंद होते. ती उघडायची तर वातावरणाच्या वर जाण्याला पर्याय नाही.

शिवाय एकच दुर्बीण सगळ्या प्रकारचे किरण पाहू शकत नाही. २००९ ते २०१८ या काळात काम केलेल्या केप्लर दुर्बिणीने दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधले. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांत पाहते. अ‍ॅस्ट्रोसॅटकडे काम आहे ते अतिनील आणि क्ष-किरणांचं.

हैदराबादच्या फुग्यांपासून श्रीहरिकोट्यापर्यंत

भारतातल्या क्ष-किरण खगोलशास्त्राची सुरुवात उपग्रहाने नव्हे, फुग्यांनी झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडत. त्यांना बांधलेली उपकरणं वातावरणाच्या वरच्या, विरळ थरात पोहोचायची, पण मोजमापाला वेळ मिळायचा तो काही तासांचाच. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर क्ष-किरण मोजणारी भारतीय उपकरणं गेली आणि ती यशस्वी ठरली. त्यातूनच पूर्णपणे खगोलशास्त्रासाठी वाहिलेल्या उपग्रहाचा मार्ग मोकळा झाला.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० या रॉकेटने सुमारे दीड टन वजनाचा अ‍ॅस्ट्रोसॅट श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेला. त्याची कक्षा ६५० किलोमीटर उंचीची आणि विषुववृत्ताशी अवघ्या ६ अंशांनी कललेली आहे. कल इतका कमी ठेवण्याला कारण आहे. दक्षिण अटलांटिक महासागराच्या वर विद्युतभारित कणांचा मोठा साठा असतो आणि तिथे संवेदनशील उपकरणांच्या मोजमापात गोंधळ होतो. कक्षा विषुववृत्ताजवळ असली, की उपग्रहाला त्या भागाची झळ कमी बसते.

उपग्रहावर एकूण पाच उपकरणं आहेत. त्यातल्या चार उपकरणांची तोंडं एकाच दिशेला असल्याने एखाद्या ताऱ्याकडून येणारे अतिनील आणि कमी-जास्त ऊर्जेचे क्ष-किरण एकाच वेळी मोजता येतात. पाचवं उपकरण आकाशावर फिरती नजर ठेवतं. अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने इतर भारतीय संस्था आणि कॅनडाची अवकाश संस्था यांच्या सहकार्याने उभी केली. क्ष-किरण उपकरणांत टीआयएफआरचा वाटा मोठा आहे.

२८ तासांचं निरीक्षण, दोन वर्षांची तपासणी

ऑक्टोबर २०१६ मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅटने फोर्नॅक्स, म्हणजे आपल्याकडच्या अश्मंत तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या त्या तुकड्याकडे एकूण २८ तासांहून अधिक वेळ पाहिलं. त्यात या दीर्घिकेचा क्षीण ठिपका उमटला.

इथे आरशाच्या आकारापेक्षा उपकरणातली शांतता कामी आली. कोणत्याही कॅमेऱ्यात प्रकाश नसतानाही थोडा ‘गोंगाट’ असतोच, म्हणजे उपकरणाचे स्वतःचे खोटे संकेत. भर बाजारात कुणी हळू बोललं तर ऐकू येत नाही. रात्री सामसूम झाल्यावर तोच आवाज स्पष्ट येतो. अ‍ॅस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण प्रकाशाचे कण एकेक करून मोजते आणि तिच्यातला गोंगाट हबलच्या अतिनील कॅमेऱ्यापेक्षा बराच कमी आहे. म्हणूनच मूठभर कणांची नोंदही त्यात हरवली नाही.

तरीही शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. हा प्रकाश नक्की त्याच दीर्घिकेचा आहे, शेजारच्या दुसऱ्या कुणाचा नाही, याची खात्री करण्यात जवळपास दोन वर्षं गेली.

हे किरण इतके महत्त्वाचे का?

महास्फोटानंतर काही लाख वर्षांनी विश्व थंड झालं आणि ते मुख्यतः हायड्रोजनच्या अणूंनी भरून गेलं. तारे अजून पेटले नव्हते. या काळाला विश्वाचं अंधारयुग म्हणतात. पुढे पहिले तारे आणि दीर्घिका जन्माला आल्या आणि महास्फोटानंतर साधारण १ अब्ज वर्षांच्या आत दीर्घिकांमधल्या जागेतला जवळजवळ सगळा हायड्रोजन पुन्हा फुटला, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले. हे काम नेमकं कुणी केलं, हा खगोलशास्त्रातला मोठा प्रश्न आहे.

हायड्रोजनचा अणू फोडायला ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे अतिनील किरण लागतात. तरुण, तप्त तारे असे किरण भरपूर देतात. अडचण अशी, की दीर्घिकेतलाच वायू ते गिळून टाकतो आणि बाहेर फारच थोडे निसटतात. अगदी सुरुवातीच्या काळातल्या दीर्घिका तपासाव्यात, तर त्यांचे हे किरण वाटेतल्या वायूत जिरून जातात आणि आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून त्यांच्यापेक्षा जवळच्या, किरण ‘गळणाऱ्या’ दीर्घिका शोधाव्या लागतात. एयूडीएफएस०१ ही त्यातलीच. तिच्यातून निघालेले किरण सुमारे ६० नॅनोमीटर लांबीचे होते. विश्वाच्या प्रसरणामुळे ताणले जात ते अ‍ॅस्ट्रोसॅटच्या टप्प्यात आले. किरण गळतात कसे, हे अशा दीर्घिकांवरून समजलं, तर अंधारयुग संपलं कसं, या प्रश्नाच्या उत्तराजवळ जाता येईल.

ताऱ्यांचे जोडीदार आणि दूरचे स्फोट

एनजीसी १८८ हा खूप जुना तारकागुच्छ आहे. एका गुच्छातले तारे साधारण एकाच वयाचे असतात, तरी यातले काही तारे अधिक निळे, तप्त आणि तरुण दिसतात. त्यातल्या एका ताऱ्याला एक तप्त जोडीदार असल्याचं अतिनील दुर्बिणीने दाखवून दिलं. शेजारच्या जोडीदाराचं द्रव्य ओढून घेतल्यामुळे म्हातारा ताराही ‘तरुण’ दिसू शकतो, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळालं.

अ‍ॅस्ट्रोसॅटचं कॅडमियम झिंक टेल्युराइड उपकरण गॅमा किरणांचे स्फोटही टिपतं. जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंती भेदून आत येतात, त्यामुळे स्फोट भलत्याच दिशेला झाला तरी नोंद होते. २०२२ च्या अखेरीस अशा नोंदींनी पाचशेचा आकडा गाठला. महाकाय तारे कोसळून कृष्णविवर जन्मताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना असे स्फोट होतात.

ठरल्यापेक्षा जास्त आयुष्य

अ‍ॅस्ट्रोसॅटचं नियोजित आयुष्य ५ वर्षांचं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये उड्डाणाला १० वर्षं पूर्ण झाली. वयाच्या खुणाही दिसल्या: २०१८ मध्ये अतिनील दुर्बिणीचा एक विभाग बंद पडला आणि क्ष-किरण मोजणाऱ्या तीन मोठ्या संचांपैकी एक थांबला. बिघडलं तर तिथे जाऊन दुरुस्ती करता येत नाही. जे शिल्लक आहे त्यावरच काम काढावं लागतं आणि शास्त्रज्ञांनी ते काढलं.

या मोहिमेची माहिती २०१८ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली आहे. बंगळुरूजवळच्या ब्यालाळू इथल्या इस्रोच्या केंद्रात ती साठवली जाते आणि इंटरनेटवरून मिळते. बेळगावचा, इंदूरचा किंवा बडोद्याचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी नोंदणी करून ती उतरवून घेऊ शकतो. ही माहिती वाचायची कशी, यासाठी आयुका मदत करते. एयूडीएफएस०१ च्या ठिपक्याची खात्रीही पटली ती गोळा झालेले आकडे जवळपास दोन वर्षं चिकाटीने तपासूनच.

अ‍ॅस्ट्रोसॅट थोडक्यात

• उड्डाण : २८ सप्टेंबर २०१५, श्रीहरिकोटा
• कक्षा : ६५० किलोमीटर उंच, ६ अंश कल
• उपकरणं : ५
• अतिनील दुर्बिणीची नजर : सुमारे अर्धा अंश, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढं आकाश एका वेळी
• नियोजित आयुष्य : ५ वर्षं