डोंगराचं पाणी, गावाची राखण

अकोटहून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची निळी रांग दिसते. आमच्या घरी तिला नुसतं 'डोंगर' म्हणत. वखराचं खोड बाभळीचं चालायचं, पण बंडीच्या चाकाला तिवस आणि घराला सागाचे फाटे हवेत. मग उन्हाळ्यात चार-पाच शेतकरी मिळून पोपटखेडच्या वाटेनं बंड्या हाकायचे. परतताना नाकेदार पावती बघून एकेक फाटा मोजायचा. आजोबा सांगत, "लाकडाचे पैसे देल्ल्याचं दुःख नव्हतं बापू, पण बैल हद्दीत शिरला तं कोंडवाड्यात!"

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पुढच्या काही दशकांत राखीव जंगलाच्या हद्दी पक्क्या झाल्या. बेसुमार तोड थांबली, हे खरंच. पण ज्याचं गुरं-सरपण त्या रानावर होतं, तोच तिथे परका ठरला. 1930 मध्ये ही सल उफाळून आली. त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह पेटला होता. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. जुलैत वऱ्हाडचे नेते बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव रानातलं गवत कापून अटक करवून घेतली. एकाच वर्षात मीठ आणि गवत, दोन्ही शेतकऱ्याच्या दारातली.

त्या खाऱ्या पाण्याची गोष्ट आजीकडे होती. तिचं माहेर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी भरपूर, पण त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी बाया कोसभर चालायच्या. आज त्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांच्या नळाला वान धरणाचं पाणी येतं, आणि वान नदी उतरते याच डोंगरातल्या मेळघाटाच्या जंगलातून. उतारावर झाड, गवत आणि पालापाचोळा असला तर पाऊस जमिनीत मुरतो आणि नदीला हळूहळू मिळतो. उतार उघडा पडला की तोच पाऊस माती घेऊन धावतो आणि धरणात गाळ साचतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो, पावसाचे खंड लांबतात, तेव्हा कोरडवाहू कपाशीवाल्यानं डोंगराकडे पाठ फिरवून कसं चालेल?

राखणीची रीत अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं दाखवली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला सुमारे 192 हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याची 'खोज' संस्था सोबत होती. ग्रामसभेनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली. सीताफळाची विक्री ग्रामसभेनं हाती घेतली. 2014 मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बंदी इथेही आहेच. पण ती गावानं स्वतः घातली आणि तिचं फळ गावाच्या पदरात पडलं.

हाच न्याय धुऱ्यावरच्या झाडालाही लागू व्हावा. 1964 च्या राज्य कायद्यानुसार साग, मोह, चिंच, आंबा आपल्याच शेतात असला तरी तोडायला परवानगी लागते. हा लगाम हवाच. पण ती परवानगी साध्या अर्जावर, ठरल्या मुदतीत मिळाली पाहिजे. कागदाच्या धाकानं शेतकरी रोपच लावत नसेल, तर कायदा झाड वाचवतो कुठे? जंगलाचे नियम कडक असोत, पण ते पाळणाऱ्याला रानात वाटा मिळायला हवा. वाटेकरी झालेलं गाव जंगल राखतं, हे पायविहीरनं सिद्ध केलं आहे. आणि त्या राखणीवरच खाली सपाटीतल्या आपल्या शेताचं आणि नळाचं पाणी उभं आहे.